दस्तातलं पाणी

कल्याण, कार्तिक वद्य ११, शके १८०९

हरिहरपंत यांस त्र्यंबकाचा नमस्कार.

मागची दोन पत्रे न फोडता परत आली, म्हणून हे पैशाचे सरकारी कार्ड. कार्ड फोडावे लागत नाही. परत करायचे म्हटले तरी आधी नजर पडतेच.

पुढल्या महिन्यात ठाण्याच्या कोर्टात मला साक्षीला उभे राहायचे आहे. दस्त माझ्या हातचा. दोघा आगरी भावांचा खाडीच्या बांधावरून तंटा आहे. त्यात आपल्या जुन्या दाव्याची गोष्ट निघणार असे दिसते. तुमचे नाव पुन्हा कोर्टात घेतले गेले, हे परभारे तुमच्या कानी जाण्याआधी माझ्याकडून कळावे, एवढाच हेतू.

घरी सर्व खुशाल. गंगूला सांगावे की माहेरी तिची आठवण सगळ्यांना

(कार्ड संपले.)


कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध ९, शके १८०९

हरिहरपंत यांस,

कार्ड परत आले नाही. बडोद्याच्या टपालवाल्याने हरवले असेल किंवा तुम्ही ठेवून घेतले असेल. मी दुसरे धरून चालतो.

बारा वर्षांत इकडे पुष्कळ बदलले. मी मात्र अजून कचेरीच्या ओसरीवर, त्याच दुसऱ्या खांबापाशी बसतो. लिहिण्याची तऱ्हा तेवढी सोडली. 'ऐसे जे', 'मशारनिल्हे', 'बिलाउजूर' हे माझ्या दस्तांत आता सापडायचे नाही. ज्याला दस्त करून द्यायचा तो जसे बोलतो, त्याच्या जवळपास लिहितो. आधी साध्या कागदावर लिहून वाचून दाखवतो. मग त्याने ते मला आपल्या शब्दांत परत सांगायचे. बरोबर सांगितले तरच मजकूर स्टांपाच्या कागदावर जातो.

शेजारच्या खांबापाशी भाऊ फणसे बसतात. त्यांना हे पसंत नाही. परवाच म्हणाले, "त्र्यंबका, अशानं आपला धंदा बुडायचा. लोकांना दस्त समजायला लागला तर लोक आपल्याकडं येतील कशाला?"

मी म्हटले, "येतात तर खरे."

"हौशीनं येतात. कोर्टात एक दस्त आपटला की बघ."

तो आपटण्याचा प्रसंग आता आला आहे, म्हणून ही हकीकत सविस्तर लिहितो.

डोंबिवलीपुढे खाडीकाठी एका गावात दौलत आणि धोंडीबा असे दोघे भाऊ राहतात. दोघांची भाताची शेते एकाच बांधाआड आहेत. बांधापलीकडे खारे पाणी. तीन वर्षांपूर्वी बाप वारला, शेते वाटून घेतली, पण बांध वाटता येईना, म्हणून माझ्याकडे आले. मी कच्च्या कागदावर लिहिले, 'बांधाची मरामत उभयतांनी सामाईक करावी.' वाचून दाखवले. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग दौलत म्हणाला, "ह्यो उभयता कोन? आमचे गावान असा मानूस नाय."

धोंडीबा म्हणाला, "सरकारचा असंल. येल आनि बांद बांदून जाल."

मी हसलो नाही. कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यावर लिहिले, 'भरतीने बांध कुठेही फुटला, दौलतच्या बाजूला फुटला किंवा धोंडीबाच्या बाजूला फुटला, तरी दौलत आणि धोंडीबा यांनी दोघांनी मिळून तो आठ दिवसांच्या आत बांधायचा. एकाचे शेत बुडाले आणि दुसऱ्याचे राहिले, तरीही बांधायचा.' शेवटचे वाक्य धोंडीबाच्या तोंडचे. दस्त नोंदला गेला, दोघे खूश होऊन गेले.

यंदा लग्नाच्या मानपानावरून भावाभावांत बिनसले. श्रावणी पुनवेच्या उधाणाला बांध फुटला तो नेमका धोंडीबाच्या बाजूला. दौलत घरातून हलला नाही. खारे पाणी शिरून धोंडीबाचे उभे भात करपले, आणि दर उधाणाला भगदाड मोठेच होत आहे. असेच राहिले तर ती जमीन चार-पाच वर्षे पिकायची नाही. धोंडीबाने दावा केला. दौलतच्या वकिलाचे म्हणणे, हा दस्तच नव्हे. यात दस्ताची भाषा नाही, दोन भावांचे घरगुती बोलणे कोणीतरी उतरून घेतले आहे, ते कोणावर बंधनकारक नाही. तो कोणीतरी म्हणजे मी.

तेव्हा दस्त टिकला तर माझी तऱ्हा टिकली, आणि पडला तर नुसता मी पडत नाही. तसे सहा-सातशे दस्त मी लिहिले आहेत. ती सगळी माणसे घाबरून जातील.

तुम्ही विचाराल, हे साधेपणाचे वेड तुला कधी लागले? लोकांच्या सोयीसाठी, एवढेच उत्तर आहे. तुमच्या खरेदीखताशी त्याचा संबंध लावू नये. तुम्ही बागेतली रस्त्याकडची अर्धी जागा लखमशी शेटला विकली, विहीर त्या अर्ध्यात होती, आणि पाणी तुमच्याकडे राहील असे तोंडी ठरले होते असे तुमचे म्हणणे. मला जे सांगितले गेले ते मी लिहिले. कोर्टातही तेच सांगितले. ते आता उगाळण्यात अर्थ नाही.

गंगूची प्रकृती कशी आहे? तिला थंडी बाधते. तिकडे थंडी फार पडते म्हणतात.

त्र्यंबक


कल्याण, पौष शुद्ध ४, शके १८०९

हरिहरपंत यांस,

मागच्या पत्रात खोटे लिहिले. शेवटून दुसरा परिच्छेद. तो खोडून टाकावा आणि हे वाचावे.

काल साक्ष झाली. सकाळच्या गाडीने धोंडीबा आणि मी ठाण्याला गेलो. दौलतही त्याच गाडीत होता, दोन बाके सोडून. धोंडीबाने भाकरी सोडली, अर्धी केली, आणि मला म्हणाला, "भट, ती त्याला नेऊन दे. मी दिली असा सांगू नको." मी नेऊन दिली. दौलतने विचारले नाही कोणी दिली. खाल्ली.

दौलतच्या वकिलाने मला उभे केले तेव्हा त्याच्या हातात दोन कागद होते. एक बांधाचा दस्त. दुसरा मी लांबूनच ओळखला. माझे तेव्हाचे अक्षर, मोडीत, फार सुरेख. तुमचे खरेदीखत.

तो म्हणाला, "हे दोन्ही तुमच्याच हातचे?"

"होय."

"या जुन्या दस्तावरून सन पंचाहत्तरात याच कोर्टात दावा झाला. तुमच्या मेहुण्यांनीच तुम्हाला खोटं ठरवू पाहिलं. तेव्हा तुम्ही शपथेवर सांगितलंत की दस्तात चूक नाही. दस्त कायम झाला. म्हणजे खरा दस्त कसा लिहितात हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. आणि या आगऱ्यांना लिहून दिलंत ते तसं नाही. बरोबर?"

आता पेच पाहा. 'बरोबर' म्हटले की तुमचे खत म्हणजे खरा दस्त, आणि बांधाचा म्हणजे गप्पा. 'चूक होती' म्हटले की मी चुकणारा, शिवाय शपथेवर खोटे बोललेला. माझ्या शब्दाला किंमत काय? दोन्हीकडून धोंडीबाचे शेत खारे.

मी धोंडीबाकडे पाहिले. त्याला यातले काही कळत नव्हते. तो माझ्याकडे अगदी निवांत बघत होता, जसे एके दिवशी तुम्ही बघत होता.

मी म्हणालो, "त्या जुन्या दस्तात चूक आहे. ती माझी आहे."

सबजज्जसाहेबांनी लेखणी थांबवली. "तेव्हा शपथेवर काय सांगितलं होतंत?"

"चूक नाही असं."

"म्हणजे खोटं सांगितलंत?"

"होय, साहेब."

कोर्टात जे तीन शब्दांत सांगितले ते तुम्हाला सगळे सांगायचे आहे.

खरेदीखताच्या दिवशी तुम्ही मला दोनदा बजावले होते की पाणी आपले राहील. मला चांगले आठवते. मी मान डोलावली आणि लिहायला बसलो. जागेच्या चतुःसीमा झाल्या आणि हात आपोआप पुढे धावला: 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.' वडील हे म्हणून दाखवायचे तेव्हा मला देवळातल्या मंत्रासारखे वाटायचे. लहानपणापासून पाठ. त्यात पहिलाच शब्द 'जल' आहे हे माझ्या मनात आले नाही. मी अर्थ लिहीतच नव्हतो, नाद लिहीत होतो.

मग नोंदणीच्या वेळी कारकून कागद हातात घेऊन म्हणाला, "वा, अक्षर काय आहे!" आणि त्याच वेळी तुम्ही माझ्या कानाशी येऊन विचारलेत, "त्र्यंबका, विहिरीचं आलं ना?"

मी म्हटले, "आलं."

कागदाकडे बघितलेही नाही. माझे लक्ष त्या कारकुनाच्या तोंडाकडे होते, तो आणखी काय म्हणतो म्हणून. तुम्ही लगेच सही केलीत.

तीन महिन्यांनी लखमशी शेटने विहिरीभोवती भिंत घातली. त्या दिवशी घरी येऊन मी माझ्याकडची नक्कल काढली आणि पहिल्या झटक्यात 'जल' दिसले. त्या क्षणापासून मला सगळे ठाऊक होते. तुमचा वकील मला म्हणाला होता, "लिहिणाऱ्याची चूक सिद्ध झाली तर दस्त कायद्यानं दुरुस्त होतो. नीट आठवून सांगा." मी आठवून सांगितले नाही. एवढे सांगितले असते तर विहीर तुमची होती, बाग तुमची होती, तुम्ही इथे होता.

का नाही सांगितले? तुम्ही मला भर पारावर लबाड म्हणालात, शेटकडून काही घेतले असेल म्हणालात. खरे सांगतो, मला त्यात उलट थोडे बरे वाटले. लबाड दस्तलेखकाकडे लोक येतात. ज्याला आपण लिहिलेले कळत नाही त्याच्याकडे कोणी येत नाही.

त्या उन्हाळ्यात गंगू शेणाळे तळ्यावरून घागरी आणून तुमचा मोगरा जगवू बघत होती. आमच्या खिडकीवरून जायची. मी खिडकी लावून घ्यायचो. शेवटी मोगरा गेला, केळी गेल्या, तुम्ही गेलात. त्यानंतर कुठल्याही दस्तात मी 'जल' लिहायला गेलो की हात थांबायचा. एक शब्द थांबला की पुढचा थांबतो. अशी ती भाषा माझ्याकडून गळत गेली. लोकांच्या सोयीचे मला पुष्कळ मागाहून सुचले.

आता कोर्टाचे. माझी कबुली ऐकून वकील हसला आणि बसला. धोंडीबा अजून निवांत. सबजज्जसाहेबांनी बांधाचा दस्त हातात घेतला, स्वतः मोठ्याने वाचला, आणि दौलतला पुढे बोलावून विचारले, "यात काय लिहिलं आहे? तुला समजलं तसं सांग."

वकील उठत होता, साहेबांनी त्याला हाताने बसवले.

दौलतने पायांकडे बघितले. मग म्हणाला, "बांद फुटला त दोगांनी मिलून बांदाचा. आठ दिसांन."

"कुणाच्या बाजूला फुटला तर?"

"कुनाचेबी."

"आणि तुझं शेत राहिलं, त्याचं बुडालं तर?"

दौलत म्हणाला, "तरीबी बांदाचा." आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसले.

साहेब म्हणाले, "साक्षीदाराचा शब्द मी बाजूला ठेवतो. तो ठेवण्याजोगाच आहे. पण या कागदाला त्याच्या साक्षीची गरज नाही."

हुकूम झाला की महिन्याच्या आत दोघांनी मिळून बांध बांधावा. मला सहा महिने कचेरीच्या ओसरीवर बसायची मनाई झाली. खोट्या शपथेबद्दल साहेब एवढेच म्हणाले, "ज्यांचं नुकसान झालं त्यांना हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं." म्हणून रातोरात नव्हे, आज सकाळी स्नान करून, डोके ताळ्यावर असताना हे लिहीत आहे.

मला क्षमा करा असे लिहीत नाही. तो शब्दही सवयीने लिहिला जातो. एवढेच लिहितो: चूक माझी होती, ती मला ठाऊक होती, आणि मी ती लपवली. त्यामुळे तुमची बाग गेली.

हे पत्र गंगूला वाचून दाखवावे. तिने तुम्हाला परत सांगितले तर मला कळेल की मी नीट लिहिले.

त्र्यंबक


कल्याण, माघ वद्य २, शके १८०९

हरिहरपंत यांस,

उत्तर नाही, आणि मी ते मागतही नाही. बांधाचे मात्र कळवायचे राहिले, ते कळवतो.

अमावास्येला, ओहोटीच्या वेळी, मी मुद्दाम बघायला गेलो. भगदाडात दोघे कमरेइतक्या चिखलात उभे होते. बायका टोपल्यांनी माती देत होत्या. बोलणे फक्त कामापुरते: "इकरं टाक." "आनी आन." दुपारी धोंडीबाने चिखलाचा गोळा दौलतच्या पाठीत मारला. मला वाटले, झाले, पुन्हा कोर्ट. दौलतने वळून त्याहून मोठा मारला. मग हसता हसता दोघांच्या बायका त्यांना शिव्या देऊ लागल्या, तेव्हा मी परत फिरलो.

ओसरी सुटली म्हणून मी घरच्या ओटीवर बसतो. पहिला पंधरवडा कोणी आले नाही. गंगूची वहिनी द्वारका म्हणाली, "भाऊ फणशांना आनंद झाला असेल." पण कोर्टातली गोष्ट कशी फिरली कोण जाणे, गावोगाव एवढेच पोचले की कल्याणात एक भट आहे, त्याचा कागद त्याच्याशिवाय उभा राहतो. आता सकाळी ओटीवर चार-सहा माणसे असतात. विठ्ठलवाडीची, टिटवाळ्याची सुद्धा.

मी आता कच्चा मसुदा द्वारकेला ऐकवतो. ती आत तांदूळ निवडत असते. तिला कळले तर निवडण्याचा आवाज चालू राहतो. थांबला की समजावे, वाक्य बिघडले. काल थांबला. विचारले, काय झाले? म्हणाली, "'त्याने' म्हणजे कुणी? सासऱ्यानं की जावयानं?" खरेच, दोघांनाही लागू पडत होते. अशा एका 'त्याने'पायी एखादे घर फुटले असते. मी नाव घातले. पुन्हा तांदळाचा आवाज सुरू झाला. पूर्वी मला असे दिवसभर बरे वाटत नसे.

काल संध्याकाळी भाऊ फणसे मागल्या दाराने आले. जरा वेळ हवापाण्याचे बोलले. मग म्हणाले, "एका बाईला बक्षीसपत्र करून द्यायचंय. साध्या भाषेत हवं म्हणते. तू ते 'लिहून घेणार' वगैरे न घालता सुरुवात कशी करतोस?" मी त्यांना चहा दिला आणि दाखवले.

त्र्यंबक


कल्याण, फाल्गुन शुद्ध १२, शके १८०९

हरिहरपंत यांस,

तुमचे पत्र काल आले. सात ओळी. मी त्या किती वेळा वाचल्या ते लिहीत नाही.

पहिल्या ओळीत तुम्ही लिहिता, 'पत्र पोचले. गंगूला वाचून दाखवले. तिने परत सांगितले. बरोबर सांगितले.' त्याबद्दल आणखी काही तुम्ही लिहिलेले नाही, आणि मीही लिहीत नाही.

उरलेल्या ओळींत काम सांगितले आहे. तुम्हाला मूलबाळ नाही. पुतणे आतापासून घर मोजून जातात. आपल्यामागे गंगूला कोणी घराबाहेर काढू नये. तिथला वकील फार्सी मिसळून लिहितो, ते तुम्हाला नको. 'तू लिही,' एवढेच शेवटचे वाक्य. मला वाटले होते की माझ्या हातचा कागद तुम्ही या जन्मी घेणार नाही.

मसुदा खाली देतो.

'मी हरिहर महादेव, मूळ राहणार कल्याण, हल्ली बडोदे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी माझ्या मनाने करीत आहे. बडोद्यातले माझे घर मी माझ्या कमाईने घेतले आहे. त्यात वडिलार्जित काही नाही. मी मेल्यावर हे घर माझी बायको गंगा हिचे. ती जिवंत असेपर्यंतच नव्हे, कायमचे तिचे. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे, विकावे किंवा हवे त्याला द्यावे. ते करताना तिने कोणाला विचारण्याची गरज नाही. माझ्या पुतण्यांचा या घरावर हक्क नाही, आणि त्यांनी तिला ऊठ म्हणू नये.'

एवढेच. घराला विहीर किंवा आड आहे का ते कळवावे. असल्यास त्याचे वेगळे वाक्य लिहीन. भिंती कोणाशी सामाईक आहेत, जाण्या-येण्याची वाट कुठून आहे, तेही हवे. घाईने सही करू नका. गंगूला वाचून दाखवा, दिवसा, ती मोकळी असताना.

द्वारकेला ऐकवले तेव्हा 'ऊठ म्हणू नये' इथे तांदळाचा आवाज थांबला. मी विचारले, "बिघडलं का?" म्हणाली, "नाही. राहू द्या तसंच."

त्र्यंबक


कल्याण, चैत्र शुद्ध ६, शके १८१०

हरिहरपंत यांस,

घरामागे आड आहे आणि त्यावर शेजाऱ्यांचाही पोहरा चालतो, हे कळले. त्याप्रमाणे वाक्य घातले: 'मागच्या आडाचे पाणी या घराचे आणि पूर्वेकडच्या शेजाऱ्याचे, दोघांचे. कोणी कोणाला अडवायचे नाही.' शेजाऱ्यालाही ऐकवा आणि त्याची सही साक्षीदार म्हणून घ्या.

तुमच्या पत्राच्या शेवटी गंगूचा प्रश्न आहे: 'दादाला विचारा, हवे त्याला द्यावे म्हणजे दादालाही?' तुम्ही लिहिता की हे विचारताना ती हसत होती. हसत असो वा नसो, प्रश्न कायद्याचा आहे. लिहिणाऱ्याला लाभ होईल असा कागद लिहिणाऱ्याने लिहू नये. शिवाय तुमच्याकडून आणखी काही माझ्याकडे यावे, ही कल्पनाही मला सोसत नाही. म्हणून मी एक ओळ वाढवली आहे: 'परंतु हे मृत्युपत्र लिहिणारा त्र्यंबक, गंगेचा भाऊ, याला या घरातले काहीही कधीही मिळू नये.' शुद्ध प्रत सोबत आहे. आता तिचे समाधान होईल.

त्र्यंबक


कल्याण, वैशाख शुद्ध १, शके १८१०

हरिहरपंत यांस,

शुद्ध प्रत परत आली. मी वाढवलेल्या ओळीवर आडवी रेघ आहे. रेघ तुमच्या हातची नाही, वाकडी आहे, दोन ठिकाणी शाई सांडली आहे. समासात काकण काढले आहे. आमच्याकडे लिहिता न येणाऱ्या बायका सहीच्या जागी काकण काढतात, शेकडो पाहिली. गंगूचे पहिल्यांदाच पाहिले.

खाली तिचे बोलणे तुम्ही जसेच्या तसे उतरवले आहे: "दादा, वर तूच लिहिलंस, कायमचं माझं, हवं त्याला द्यावं, कोणाला विचारायला नको. आणि खाली तूच आडवा येतोस? घर माझं, तर ते कुणाला द्यायचं नाही हे सांगणारा तू कोण? दोन्हीतलं एक खरं ठेव."

मी कागद खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. तेवीस वर्षे दस्त लिहितो आहे. वाक्याला वाक्य आडवे जाते हे मला दिसले नाही, द्वारकेलाही दिसले नाही, भाऊ फणशांना दाखवले होते, त्यांनाही नाही. तिला दिसले. आणि तिचे म्हणणे कायद्याने, अर्थाने, सगळ्या बाजूंनी बरोबर आहे. ओळ काढली.

द्वारकेला वाचून दाखवले तर ती इतकी हसली की सुपातले तांदूळ खाली. म्हणाली, "आता पुढचे मसुदे तिकडेच पाठवा."

तुम्ही लिहिता, साक्षीदारांपुढे कागद कोणीतरी नीट वाचून दाखवावा लागेल, आणि तुमचे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत. यापुढे तुम्ही काही विचारलेले नाही. तरी मला समजले ते असे की मी यावे. समजण्यात चूक झाली असली तर गाडीतून उतरल्यावर सांगा, मी परत फिरेन.

सोमवारी निघतो. मुंबईत गाडी बदलून मंगळवारी सकाळी बडोदे. अक्षर मोठे काढले आहे. स्टेशनावर कोणी येण्याची तसदी घेऊ नये. लहरीपुऱ्याच्या दरवाजातून आत, डाव्या हाताची तिसरी गल्ली, निंबाखालचे घर, दारात तुळस. तुम्ही पत्ता असा लिहिला आहे की चुकायला जागाच ठेवलेली नाही.

त्र्यंबक